जमिनीचं आरक्षण कोण खातं?

(उमरखेड येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात जे शब्द आले ते तसेच ठेवले आहेत.)

बैठकीचे अध्यक्ष, पुढं सतरंजीवर बसलेल्या बाया-माणसांनो, आणि मागं मोटरसायकलीवर बसून ऐकणाऱ्या दोस्तांनो, जयभीम.

मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता वाचीन. पण आधी जमिनीबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, याच्या बापजाद्याकडं वावर नाही, हा जमिनीबद्दल काय बोलणार? बरोबर आहे. ज्याच्याकडं वावर आहे तो कापसाच्या भावाबद्दल बोलतो, सोयाबीनबद्दल बोलतो. ज्याच्याकडं नाही त्यानं जमिनीबद्दलच बोललं पाहिजे.

मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार आहे. कंत्राटावर. जहाजातून उतरलेला माल ट्रकवर चढवायचा, हे माझं काम. मुंबईची गोदी ज्या जमिनीवर उभी आहे ती बरीचशी समुद्रात भर घालून केलेली जमीन. टोपल्या मजुरांनी वाहिल्या, पाटी सायबाच्या नावाची लागली. प्रिन्सेस डॉक १८८० साली उघडला, व्हिक्टोरिया डॉक १८८८ साली. आज त्या दोन्ही गोद्या भर टाकून बुजवल्यात. म्हणजे समुद्राची जमीन झाली, जमिनीत गोदी झाली, गोदीची पुन्हा जमीन झाली. एवढी उलथापालथ या व्यवस्थेला जमते. पण एखाद्या वस्तीतली चार गुंठे मोकळी जागा मोकळी ठेवणं मात्र जमत नाही. न जमायला काय झालं? जमवायचंच नसतं.

नगर परिषदांच्या निवडणुका होऊन गेल्या. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २४६ नगर परिषदा आणि ४२ नगर पंचायतींची निवडणूक झाली, २१ डिसेंबरला निकाल लागले. मागोमाग जानेवारी २०२६ मध्ये मुंबईसकट २९ महापालिकांचं मतदान झालं. त्याआधी कितीतरी गावांत वर्षानुवर्षं प्रशासक बसला होता. नगरसेवक नाही, सभा नाही, विचारणारं कुणी नाही. मग निवडणूक आली आणि एकदम सगळ्यांना आपली वस्ती आठवली. प्रचारात काय ऐकलं? नाली, रस्ता, नळ, लाईट, घरकुल. हे सगळं पाहिजेच, मी नको म्हणत नाही. पण आपल्या प्रभागात मोकळी जागा किती, ती कुठं आहे, आराखड्यात ती कशासाठी ठेवली आहे आणि आज तिच्यावर कोण बसलंय, हा प्रश्न किती जणांनी उमेदवाराला विचारला? आपण विचारला नाही म्हणून त्यानं सांगितला नाही. त्याला तर तेच पाहिजे होतं.

आता एक शब्द घ्या. आरक्षण. हा शब्द निघाला की पानठेल्यावर बसलेल्या कितीतरी लोकांच्या पोटात दुखतं. आमच्या पोराला एक जागा मिळाली की देशाची गुणवत्ता बुडते म्हणतात. पण आरक्षण फक्त कॉलेजात आणि नोकरीत नसतं. शहराच्या नकाशात जमिनीलाही आरक्षण असतं. महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना अधिनियम, १९६६ असा कायदा आहे. त्याच्याखाली शहराचा विकास आराखडा होतो. पुढच्या वीस वर्षांचा विचार करून त्यात लिहून ठेवायचं असतं की ही जागा शाळेची, ही दवाखान्याची, ही खेळाच्या मैदानाची, ही बागेची, ही मसणवट्याची. सरकारी भाषेत यालाच आरक्षण म्हणतात.

हे आरक्षण जातीवर नाही. सगळ्या गावाचं आहे. पण गरज कुणाला जास्त? ज्याच्या बंगल्याला अंगण आहे, गच्ची आहे, गावाबाहेर शेत आहे, त्याला मैदान नसलं तरी चालतं. ज्याचं घर दहा बाय बाराचं, त्यात आठ माणसं, त्याच्या पोरानं कुठं खेळायचं? पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या पोरीनं पहाटे कुठं पळायचं? हायवेच्या कडेनं, ट्रकच्या हेडलाईटमध्ये? लग्नाचा मांडव कुठं टाकायचा? मयताला आलेली चार माणसं कुठं उभी राहायची? चौदा एप्रिलला माणसं कुठं जमायची? ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्या नावावर गावात एकच जमीन असते, ती म्हणजे सगळ्यांची जमीन. ती गेली की तो पुरता भूमिहीन झाला.

उमरखेड हा विधानसभेचा राखीव मतदारसंघ आहे, अनुसूचित जातीसाठी. त्या आरक्षणाची चर्चा पाच वर्षं चालते, तिकीट कुणाला, उपजात कोणती. जमिनीचं आरक्षण उठतं तेव्हा मात्र कुत्रंसुद्धा भुंकत नाही. आणि गंमत बघा, आपल्या आरक्षणाला शिव्या घालणारी कितीतरी मंडळी हे दुसरं आरक्षण खाऊन ढेकर देतात. तेव्हा गुणवत्ता आठवत नाही कुणाला.

दोस्तांनो, नगरपालिकेचा ठराव म्हणजे काय चीज आहे हे आपल्याइतकं कुणाला माहीत असायला नको. महाडचं नाव घेतलं की आपण चवदार तळं म्हणतो आणि छाती फुगवतो. पण त्या लढ्याच्या मुळाशी नगरपालिका होती हे विसरतो. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला, की सरकारी पैशानं बांधलेली आणि चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. त्यावरून जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं करण्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. पाणी प्यायला तीन वर्षं कुणी गेलं नाही, कारण जाऊ देणार कोण? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आपल्या माणसांना घेऊन गेले, ओंजळ भरली. मग डोकी फुटली. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं आपला आधीचा ठराव मागं घेतला.

त्याच्या पुढचं आजच्या विषयाला जास्त लागू आहे. सनातनी मंडळी कोर्टात गेली आणि म्हणाली, हे तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे. जनावरं पीत होती तोपर्यंत सार्वजनिक, माणूस प्यायला की खाजगी! निकाल लागायला दहा वर्षं गेली. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेला तर मांडव टाकायला गावात जागाच मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. त्या जागेवर मनुस्मृती जळाली. सभेला जागा नसेल तर क्रांतीसुद्धा उभी राहायला ठिकाण शोधत फिरते.

मी यातून दोन गोष्टी घेतो. एक, ठरावानं मिळालेली गोष्ट ठरावानं जाते. म्हणून ठरावाला हात वर करणारा माणूस कोण, हे महत्त्वाचं. दोन, जे सार्वजनिक आहे त्याला खाजगी म्हणायचा डाव जुना आहे. तेव्हा तळं होतं, आज मैदान आहे.

आता मैदान गिळतात कसं ते सांगतो. कायदा समजून घ्या, कंटाळू नका. आपल्याला कायद्याचा कंटाळा येतो यावर कितीतरी लोकांचं पोट चालतं.

पहिला रस्ता झोपेचा. कायद्यात १२७ नंबरचं कलम आहे. आराखडा अंतिम झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेनं राखीव जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत पालिकेनं जागा घेतली नाही किंवा घेण्याची पावलं उचलली नाहीत, की आरक्षण व्यपगत. व्यपगत म्हणजे मेलं. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा झाली, आता चोवीस आहे. या आरक्षणाला मारायला हत्यार लागत नाही, नुसतं झोपावं लागतं. कधी पालिकेकडं खरोखरच पैसा नसतो. कधी ती झोपेचं सोंग घेते. इथं एक खुलासा करतो. मालक जर दोन एकरवाला शेतकरी असेल तर त्याची जमीन नकाशात अडकवून वीस वर्षं लटकत ठेवणं हाही अन्यायच आहे. त्याला मोबदला मिळाला पाहिजे, वेळेवर मिळाला पाहिजे. आपलं भांडण त्याच्याशी नाही. त्याच्याकडून पडत्या भावात आरक्षित जमीन उचलायची, मग आरक्षण उठेपर्यंत पालिकेला झोपवायची, असा धंदा जो करतो त्याच्याशी आहे.

दुसरा रस्ता बदलाचा. कलम ३७. मंजूर आराखड्यात फेरबदल करता येतो. जाहीर नोटीस निघते, महिनाभरात हरकती मागवतात, सुनावणी होते, मग सरकार मंजुरी देतं. नोटीस पेपरात येते. कोणत्या पेपरात, कोणत्या पानावर, किती बारीक अक्षरात, ते तुम्ही कधी बघितलंय? आपण पेपरात पहिलं पान वाचतो आणि शेवटचं क्रिकेटचं. आपलं मैदान मधल्या पानावर मरतं.

तिसरा रस्ता लेआउटचा. यवतमाळकडून हायवे महागाव, उमरखेडवरून नांदेडकडं जातो. असा रस्ता रुंद झाला की कडेच्या वावरांचे प्लॉट पडतात, हे कुठल्याही गावात दिसतं. नियम काय आहे? २ डिसेंबर २०२० ला राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. तिच्याप्रमाणं ४००० चौरस मीटर आणि त्याच्या वरच्या लेआउटमध्ये, म्हणजे साधारण एक एकराच्या पुढं, १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. आपल्याकडं लोक तिला 'ओपन स्पेस' म्हणतात. प्लॉट विकताना नकाशात ती हिरव्या रंगानं दाखवतात. भाव तिच्यामुळं वाढतो. प्लॉट संपले की त्या हिरव्या रंगाला पाय फुटतात. आधी कुणाचं तरी गिट्टी-वाळूचं ढीग, मग तारेचं कुंपण, मग एक शेड, मग पाटी.

चौथा प्रकार म्हणजे आपण जिथं राहतो तो. गुंठेवारी. ज्याला एनए लेआउटमधला प्लॉट परवडत नाही तो गुंठ्यानं जागा घेतो, साध्या कागदावर. तिथं नकाशाच नसतो तर मोकळी जागा कुठून येणार? गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला, २०२१ साली मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमात घ्यायचं ठरलं. घर नियमित झालं, चांगलं झालं. पण वस्ती नियमित झाली तरी पोरांना खेळायला गल्लीच राहिली. म्हणजे श्रीमंताच्या लेआउटमधली जागा चोरीला जाते, आणि गरिबाच्या लेआउटमध्ये चोरायलाही जागा नसते.

एक शब्द बदलला तर काय होतं ते मुंबईत बघा. तिथल्या कापड गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, कामगार देशोधडीला लागला, गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमावलीत ५८ नंबरचा नियम आला. गिरणीची जमीन विकासाला काढली तर तीन वाटे करायचे. एक वाटा मैदानं-बागांना, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. हिशोब सरळ होता. २००१ साली नियम बदलला. वाटे आता सगळ्या जमिनीचे नाहीत, फक्त जी जमीन मोकळी आहे तेवढ्याचे. ज्या जमिनीवर गिरणीच्या शेड उभ्या होत्या ती वाटणीतून बाहेर. मामला कोर्टात गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये हायकोर्टानं जनतेच्या बाजूनं निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. जिथं दोनशे एकर मैदान-बागा होऊ शकत होत्या तिथं तुकडे हाती आले. आता तिथं टॉवर आहेत, मॉल आहेत. ज्यांच्या बापांनी तिथं साचे चालवले त्यांची पोरं त्याच मॉलच्या दारात सिक्युरिटीचा ड्रेस घालून उभी आहेत.

केंद्र सरकारनं २०१४ साली शहर नियोजनाची मार्गदर्शिका काढली. तिच्यात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. मुंबईत लोकांना खरोखर वापरता येणारी जागा माणशी दोन चौरस मीटरसुद्धा भरत नाही. दोन चौरस मीटर म्हणजे किती? माणूस आडवा झोपवला की संपली. जिवंत माणसाला मढ्याएवढी जागा. उमरखेड म्हणेल, आमच्याकडं जागाच जागा आहे, आम्ही काय मुंबई आहोत? मुंबईसुद्धा एके काळी मुंबई नव्हती. जागा आहे तोपर्यंतच ती वाचवता येते.

मग विचाराल, मतानं काय होतं? होतं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभेनं मैदानं आणि उद्यानं खाजगी संस्थांना सांभाळायला देण्याचं धोरण मंजूर केलं. सांभाळायला म्हणजे काय ते तुम्हाला कळतं. आधी दिलेल्या कितीतरी मैदानांवर क्लब झाले होते, दारात वॉचमन, आत मेंबर. लोकांनी बोंब मारली. मुख्यमंत्र्यांना धोरण थांबवावं लागलं, दिलेल्या जागा परत घ्यायची पाळी महापालिकेवर आली. फेब्रुवारी २०१७ ला महापालिकेची निवडणूक होती. निवडणुकीमुळंच सगळं झालं असा दावा मी करत नाही. पण निवडणूक वर्षावर आलेली असताना मैदानाचा गिऱ्हाईक व्हायला कुणी तयार नव्हतं, एवढं खरं. हीच बोंब पाचही वर्षं राहिली तर?

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. मोकळी जागा वाचवा म्हटलं की पहिला जेसीबी कुणाच्या दारात येतो? आपल्या. अतिक्रमण म्हटलं की साहेबाला झोपडी दिसते. मंगल कार्यालयाची पार्किंग दिसत नाही, लॉन दिसत नाही, पुढाऱ्याचं कॉम्प्लेक्स दिसत नाही. म्हणून आपली पोरं बिचकतात. म्हणतात, काऊन बे, आपणच मैदानाची मागणी करायची अन् आपलीच घरं पाडून घ्यायची? हा प्रश्न खरा आहे. टाळायचा नाही.

आपल्या वऱ्हाडात गायरानाला ई-क्लास म्हणतात. या पडीक सरकारी जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली सत्याग्रह केला, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर केला. लाखो माणसं तुरुंगात गेली, बाया लेकरं काखेत घेऊन गेल्या. मागणी एकच, पडीक जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या. त्या रेट्यामुळं पुढं १९७८ आणि १९९१ चे शासन निर्णय निघाले, १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं भूमिहीनांच्या नावावर करायची ठरली. कागदावर ठरली. कितीतरी जण अजून तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं हटवा असं सांगितलं. पण त्याच निकालात अपवादही सांगितला, भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं दिलेली जमीन, किंवा जिथं शाळा-दवाखाना उभा आहे ती जागा. २०२२ साली महाराष्ट्रात गायरानावरच्या दोन लाखांहून जास्त अतिक्रमणांना नोटिसा द्यायचं निघालं, तेव्हा निकालाचा पहिला भाग सगळ्या हापिसांना पाठ होता. अपवाद कुणालाच आठवत नव्हता.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट पाहिजे. झोपडी विरुद्ध मैदान हे भांडण आपण लावलेलं नाही, आपल्यावर लादलेलं आहे. ज्याला दुसरं घर नाही त्याचं घर हा त्याचा जगण्याचा हक्क आहे. तो जर राखीव मैदानावर राहत असेल तर आधी त्याला जवळ, गावातच, नावावर जागा द्या, मग मैदान मोकळं करा. आधी घर, मग जेसीबी. आणि ज्याला चार घरं आहेत आणि ज्यानं पाचवं दुकान मैदानावर काढलंय त्याला एक दिवसाचीही मुदत नको. वस्ती नियमित करताना वस्तीतच मोकळी जागा राखून ठेवा, हीही आपलीच मागणी पाहिजे. झोपडीवाल्यानंच मैदान मागितलं की त्यांचं अर्धं राजकारण संपतं.

आता कडू बोलतो. रागवा, पण ऐका.

मोकळी जागा आपणही खातो. निवडणुकीच्या आधी एक भाऊ येतो, म्हणतो तुमच्या वस्तीतल्या मोकळ्या जागेवर समाजमंदिर देतो. आपण टाळ्या वाजवतो, फटाके लावतो. पुढच्या वर्षी बाजूच्या समाजाला त्यांचं मंदिर मिळतं, उरलेल्या कोपऱ्यात. तिसऱ्याला सभागृह. मग समोरून गाळे निघतात, उत्पन्न पाहिजे म्हणून. गाळे कुणाला मिळतात ते विचारू नका. मैदान जातीजातीत वाटून संपतं, आणि सगळ्या जातींची पोरं रस्त्यावर खेळतात. आपल्या महापुरुषाच्या नावानं आलेल्या बांधकामाला विरोध करायची कुणाची हिंमत होत नाही, हे त्या भाऊला पक्कं माहीत असतं. म्हणूनच तो ते नाव पुढं करतो. विहार पाहिजे, अभ्यासिका पाहिजे, मी नाही म्हणत नाही. पण त्यासाठी वेगळी जागा मागा. आराखड्यात मागा. पोरांच्या पायाखालची काढून घेऊ नका.

नागपूरच्या दीक्षाभूमीचं उदाहरण ताजं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथं लाखो माणसं बसू शकली, कारण तिथं मोकळी जमीन होती. त्याच जमिनीत भूमिगत पार्किंगसाठी खोदकाम सुरू झालं. विकासाच्याच नावानं, आपल्याच सोयीसाठी म्हणून. १ जुलै २०२४ ला लोक जमले. कुणी मोठ्या नेत्यानं हाक दिली म्हणून नव्हे, तर स्तूपाला धोका होईल आणि आपली जागा खोदली जाते म्हणून. बांधकामाची मोडतोड झाली, सरकारनं कामाला स्थगिती दिली. तिथं कुणी म्हटलं नाही की पार्किंगला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणजे चालेल. लोकांना कळलं की मोकळी जागा हेच स्मारक आहे. नागपूरला कळलं ते आपल्या वॉर्डात का कळू नये?

सभेची जागा म्हणजे काय हे आपल्या चळवळीनं रक्त देऊन शिकलंय. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या आंबेडकर मैदानात पँथरची सभा होती. ती उधळली, दंगल पेटली. १० जानेवारीला परळला मोर्चात भागवत जाधव गेला. सभा उधळणाऱ्यांना माहीत होतं, ही पोरं एका जागी जमली तर धोका आहे. आज सभा उधळायचीही गरज उरत नाही. मैदानच ठेवलं नाही म्हणजे सभेची परवानगी नाकारायची कटकट नको.

आणि कोर्टातही सगळंच आपल्या विरुद्ध जात नाही. बंगळुरूला एका वसाहतीत बागेची जागा होती. मुख्यमंत्र्यांच्या आदेशानं ती एका खाजगी ट्रस्टला नर्सिंग होमसाठी दिली. तिथले रहिवासी कोर्टात गेले. १९९१ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, बाग ही लोकांसाठी राखलेली आहे, ती खाजगी नर्सिंग होमला देता येणार नाही. दवाखान्यासारखं चांगलं नाव पुढं केलं तरी नाही. आणि रहिवाशांना दाद मागायचा अधिकार आहे. हा निकाल खिशात ठेवा.

आता काम. मी मुंबईला परत जाईन, जहाज लागलं की हाजरी पाहिजे. काम तुम्हाला करायचंय.

एक. विकास आराखड्याचा नकाशा आणि आरक्षणांची यादी मिळवा. नगर परिषदेत अर्ज करा, यवतमाळला नगररचनेच्या हापिसात करा. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा आहे, अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

दोन. मंजूर लेआउटचे नकाशे मागा. प्रत्येकातली १० टक्के जागा कुठं दाखवली आहे ते बघा आणि पायी जाऊन बघा. नकाशा हातात, पाय जमिनीवर. फोटो काढा. वॉर्डावॉर्डाची यादी करा: नकाशात काय, जागेवर काय, कोण बसलंय. बाजूच्या वस्तीतल्या पोरांना सोबत घ्या, मग ते कुठल्याही जातीचे, धर्माचे असोत. हे काम आपलं एकट्याचं नाही.

तीन. प्रत्येक आरक्षणापुढं तारीख लिहा. दहा वर्षं कधी भरतात? भरायच्या आधी दोन वर्षं पालिकेला जागं करा. मालकाची नोटीस आली आहे का, कधी आली, उत्तर दिलं का, हे लेखी विचारा. चोवीस महिन्यांतला प्रत्येक महिना मोजा.

चार. नवा आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीला तीस दिवस असतात. तेव्हा लग्नं असोत, जयंती असो, तीस दिवस दुसरं काम नाही. एका माणसाची हरकत फायलीत जाते, हजार माणसांच्या हरकती सुनावणीच्या हॉलमध्ये मावत नाहीत. तसंच कलम ३७ च्या नोटिशीचं. पेपरातलं मधलं पान रोज एकानं वाचायचं, पाळी लावा.

पाच. नगरसेवक तुमचा असो नाहीतर त्यांचा, त्याच्याकडून लिहून घ्या. मोकळ्या जागेच्या ठरावाला हात वर करणार की खाली ठेवणार? आता नगराध्यक्षही थेट तुमच्या मतानं येतो, त्यालाही विचारा. पालिकेच्या सभेचं इतिवृत्त मागवा, कुणी काय केलं ते वस्तीच्या फळ्यावर लावा. पाच वर्षांनी तोच फळा प्रचाराला घेऊन फिरा. आपल्या जातीचा आहे म्हणून सोडू नका. आपल्या जातीचा मैदान खातो तेव्हा ते मैदान पचायला त्याला जास्त सोपं जातं, कारण आपण गप्प बसतो.

दोस्तांनो, मताचा हक्क बाबासाहेबांनी आपल्या हातात दिला. त्या मताचे आपण किती पैसे घेतो? एका मताच्या पाकिटात जेवढे पैसे असतात तेवढ्यात या गावात एक वीत जमीन येत नाही. आणि त्याच मतानं आलेला माणूस एका ठरावात एकर एकर जमीन फिरवतो. मग स्वस्तात कोण विकलं गेलं? जमीन की आपण?

आरक्षण कुणाला घालवू द्यायचं नाही. कॉलेजातलं नाही, नोकरीतलं नाही आणि नकाशातलंही नाही. उद्या सकाळी दहाला नगर परिषदेचं हापिस उघडतं. अर्ज कोण लिहिणार, त्यांनी हात वर करा. लिहायला येत नसेल तर मी आज रात्री इथंच आहे, बसून लिहू.

मग कविता.

जयभीम.